शब्द सोडून ऐकणारा मायक्रोफोन

जबलपूरहून भेडाघाटला गेलेला प्रवासी धुवाँधारच्या कठड्याशी उभा राहिला, की पहिल्या क्षणीच त्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. शेजारच्या सोबत्याचे ओठ हलताना दिसतात, परंतु शब्द ऐकू येत नाहीत. नर्मदेचे पाणी खाली कोसळते, तुषार धुरासारखे वर उठतात आणि त्या धुरावरूनच धबधब्याला त्याचे नाव मिळाले आहे. नाव देणाऱ्यांनी डोळ्यांचा विचार केला, कानांचा केला नाही, असेच म्हणावे लागते. तेथून थोडे खाली संगमरवरी कड्यांच्या मधून नाव चालू लागली म्हणजे तोच प्रवासी एका निराळ्याच जगात येतो. तेथे पाणी संथ असते, वल्ह्याचा आवाज कड्यावर आपटून परत येतो आणि नावाड्याची यमके जुळविणारी थट्टेखोर बडबड शब्दन्‌शब्द कानी पडते. एकाच नदीच्या काठी, थोड्याशा अंतरात, ऐकण्याची ही दोन टोके सापडतात.

आता अशी कल्पना करावी, की माणसाचा आवाज येताच जिच्यातील दिवे उजळतील अशी एखादी वस्तू कुणा कलावंताने या दोन्ही ठिकाणी ठेवली. कड्यांच्या कुशीत ती कुजबुजीलाही उत्तर देईल. धुवाँधारच्या काठी मात्र तिचे दिवे एक तर अहोरात्र जळत राहतील, नाही तर कधीच लागणार नाहीत. वस्तू तीच, आतले यंत्र तेच. तरी एका ठिकाणी ती जिवंत वाटेल आणि दुसऱ्या ठिकाणी ठार बहिरी. असे का व्हावे, हे समजून घ्यावयाचे तर मायक्रोफोनकडे थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

पाहणाऱ्याच्या हालचालीने, स्पर्शाने किंवा आवाजाने बदलणाऱ्या अशा वस्तूंना प्रतिसादी कलाकृती म्हणतात. चित्र भिंतीवर स्वस्थ असते, शिल्प चौथऱ्यावर. ही वस्तू मात्र समोर कुणी आले आहे याची दखल घेते. दखल घ्यावयाची तर तिला इंद्रिय हवे. या इंद्रियांना संवेदक असे नाव आहे आणि त्यांत मायक्रोफोन हा बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज मिळणारा. परंतु येथे त्याचे काम रेडिओच्या मायक्रोफोनच्या कामाहून अगदी उलटे आहे. नभोवाणीच्या स्टुडिओत बोलावयास आलेल्या वक्त्याला आधी सांगितले जाते, की कागद वाजवू नका, खुर्ची सरकवू नका, ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना श्वास थेट मायक्रोफोनवर सोडू नका. भिंतींना मऊ अस्तर असते, दार जाडजूड असते. हा सारा खटाटोप अशासाठी, की शब्द तेवढा पुढे जावा आणि बाकीचे सारे मागे राहावे. संवेदक म्हणून बसविलेल्या मायक्रोफोनला शब्दाशी काहीच कर्तव्य नसते. कुणी मराठीत बोलतो की हिंदीत, शहाणपणाचे बोलतो की वायफळ, हे त्याला कळत नाही. पाऊल, टाळी, खोकला, फुंकर, दाराची करकर अशी नभोवाणीने उंबऱ्याबाहेर ठेवलेली जी मंडळी, तीच येथे मानाची पाहुणी ठरतात.

मौज अशी, की मायक्रोफोनचा इतिहास पाहिला तर हा त्याचा मूळ स्वभावच असल्याचे दिसते. 1878 साली लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज या संशोधकाने सैलसर टेकलेल्या कोळशाच्या तुकड्यांमधून विद्युत्प्रवाह सोडून एक साधन सिद्ध केले आणि त्याची माहिती रॉयल सोसायटीपुढे मांडली. सूक्ष्मदर्शक जसा बारीक वस्तू मोठी करून दाखवितो, तसे हे साधन बारीक आवाज मोठा करून ऐकविते, म्हणून त्याने त्याला ‘मायक्रोफोन’ हे नाव दिले. लोकांमध्ये या साधनाचा गवगवा झाला तो कुणाच्या भाषणामुळे नव्हे. लाकडी फळीवरून चालणाऱ्या माशीच्या पावलांचा आवाज त्यातून ऐकू येतो, या बातमीने लोक थक्क झाले होते. व्याख्याने आणि गाणी त्याच्या वाट्याला आली ती पुढे.

त्या कोळशाच्या मायक्रोफोनचे जबलपूरशी जुने नाते आहे. 1942 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, या शहरात तार-टेलिफोन खात्याचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. लष्कराचे सिग्नल प्रशिक्षण केंद्रही याच शहरात. दुसऱ्यांचे निरोप बिनचूक पोहोचविण्यास शिकविलेल्या या केंद्रातील जवानांनी फेब्रुवारी 1946 मध्ये स्वतःची गाऱ्हाणी ऐकविण्यासाठी बराकी सोडल्या होत्या, हे जाता जाता आठवते. जबलपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तसेच राहिले. त्यामुळे सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे पूर्वीपासून आहेत.

त्या काळी टेलिफोन शिकावयाचा म्हणजे कोळशाच्या कणांची डबी शिकावीच लागे. बोलण्याच्या तोंडाशी एक पातळ पडदा आणि त्याच्यामागे कोळशाच्या कणांनी भरलेली छोटी डबी. आवाजाने पडदा आत ढकलला गेला, की कण दाटीवाटीने एकमेकांस चिकटतात आणि विजेला वाट सोपी होते. पडदा मागे आला, की कण सैल होतात आणि वाट अवघड होते. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की हा मायक्रोफोन स्वतः वीज निर्माण करीत नाही. वीज बॅटरीची असते. आवाज फक्त तिच्या दारावर उभा राहून दार कमी-अधिक उघडतो. बोलणाऱ्याच्या इवल्याशा श्वासाने एका मोठ्या शक्तीला आवर घालावा, हे प्रतिसादी कलाकृतीचे सारे रहस्य त्या डबीत आधीच भरलेले होते. पुष्कळ दिवस वापरलेल्या टेलिफोनमधले कण घट्ट बसत आणि आवाज मंद होई. मग बोलणारा रिसीव्हरवर टिचक्या मारी आणि कण पुन्हा सैल होत.

आज संवेदक म्हणून वापरतात तो मायक्रोफोन वेगळ्या घराण्यातला. 1962 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी टेफ्लॉनसारख्या पातळ पापुद्र्यावर वर्षानुवर्षे टिकणारा विद्युद्भार बसविण्याची युक्ती साधली. असा भारित पापुद्रा आणि त्याच्यासमोर धातूची चकती. आवाजाने दोघांतील अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युत्दाब. याला इलेक्ट्रेट मायक्रोफोन म्हणतात. शर्टाच्या बटणाएवढा, अगदी अल्प किमतीचा हा कान जगभर कोट्यवधींनी तयार झाला. मोबाईल टेलिफोनमध्ये पुढे त्याची जागा सिलिकॉनवर कोरलेल्या त्याहूनही लहान मायक्रोफोनने घेतली.

जबलपूरलाच डुमना येथे 2005 मध्ये स्थापन झालेली माहिती-तंत्रज्ञान, डिझाइन आणि उत्पादन यांची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे किंवा तशा कुठल्याही संस्थेत एखाद्या विद्यार्थ्याने असा बटणाएवढा मायक्रोफोन हाती घेतला तर त्याच्यापुढे कोणत्या अडचणी येतील, ते पाहणे उद्बोधक आहे. पहिली अडचण अशी, की मायक्रोफोनमधून निघणारा दाब जेमतेम काही मिलिव्होल्टांचा. तो शंभरएक पटींनी वाढविल्याशिवाय पुढच्या यंत्राला त्याची जाणीवच होत नाही. पुढचे यंत्र म्हणजे इटलीत 2005 च्या सुमारास कलाविद्यार्थ्यांसाठीच सिद्ध झालेल्या ‘अर्डुइनो’सारखी चिमुकली संगणक-पाटी. ती शून्य ते पाच व्होल्ट हा दाब 0 ते 1023 अशा आकड्यांत मोजते. आवाज म्हणजे मागे-पुढे होणारी लाट; ऋण दाब पाटीला मोजता येत नाही, म्हणून लाटेचा मध्य मुद्दाम अर्ध्यावर, म्हणजे 512 च्या आसपास, आणून ठेवतात.

विद्यार्थी मोठ्या उत्सुकतेने आकडे पाहू लागतो आणि गोंधळतो. टाळी वाजविली तरी कधी 900 दिसते, कधी 130, तर कधी नेमके 512, जणू काही घडलेच नाही. याचे कारण त्याने लाटेचा एकच क्षण पकडला. तो क्षण शिखराचा असेल, दरीचा असेल किंवा मधल्या उताराचा. समुद्राकडे पापणी लवण्यापुरते पाहून भरती किती हे सांगता येत नाही, तद्वतच हे. उपाय असा, की एका सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा वेळ सतत मोजत राहावे आणि त्या अवधीतील सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करावा. विसावाच भाग का? माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत खर्जातल्या आवाजाची सेकंदाला सुमारे वीस आंदोलने होतात. एवढा वेळ थांबले, की त्याचेही एक पूर्ण आंदोलन पदरात पडते. जी वजाबाकी हाती येते, ती आवाजाची उंची. आता कुठे कान मोजू लागला.

मग उंबरठा ठरवावयाचा. अमुक आकड्याच्या वर गेले तर दिवा लागावा, खाली राहिले तर लागू नये. हे काम वरवर पाहता कारकुनी वाटते, पण कलाकृतीचा सारा स्वभाव येथे ठरतो. उंबरठा उंच ठेवला, तर वस्तू फक्त दांडग्या आवाजाला उत्तर देते. शाळेच्या सहलीतली ओरडणारी चार मुले तिच्याभोवती नाचतात आणि मागे उभी असलेली लाजरी मुलगी काहीतरी पुटपुटून, उत्तर न मिळाल्याने, निघून जाते. उंबरठा खाली आणला, तर पंख्याच्या घरघरीनेही दिवा लागतो आणि मग तो कुणाच्याच आवाजाचा राहत नाही.

मध्यममार्ग काढावा तर आकडे आडवे येतात. एक मीटर अंतरावरून ऐकलेले साधे बोलणे सुमारे 60 डेसिबलचे, कुजबूज सुमारे 30 ची आणि जिवाच्या आकांताने मारलेली आरोळी 90 किंवा त्याहून वर. डेसिबलचा हिशोब गुणाकाराचा असतो. दर वीस डेसिबलला हवेवरील आघात दहापट होतो. म्हणजे कुजबूज आणि आरोळी यांच्यात हजार पटींचे अंतर पडते. पाटीच्या मोजपट्टीवर खुणा किती? सुमारे हजारच! आरोळी मोजपट्टीत मावावी अशी योजना केली, तर कुजबुजीच्या वाट्याला एकच खूण उरते आणि ती यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जाते. माणसाचा कान याच्या हजारपट मोठा पल्ला सहज पेलतो, म्हणून हे दारिद्र्य एरवी आपल्या लक्षात येत नाही.

यावर एक चतुर तोड निघाली आहे. आवाज लहान असेल तेव्हा विवर्धकाने आपोआप जास्त वाढवावे, मोठा असेल तेव्हा कमी. सभेतील ध्वनिक्षेपक सांभाळणारा अनुभवी माणूस वक्ता पाहून बटण फिरवितो, तसेच हे. तोड चांगली, पण तिच्यात एक खोच आहे. मोठी आरोळी आली की विवर्धक आवरून घेतो आणि पुन्हा पूर्ववत होण्यास त्याला काही काळ लागतो. तेवढ्या काळात कुणी हळू बोलले, तर ते ऐकले जात नाही. आरडाओरडा करणाऱ्याच्या पाठोपाठ येणाऱ्या मवाळ माणसाची गाठ नेमकी या बहिऱ्या घटकेशी पडते. तो काळ किती ठेवावा, हा प्रश्न विद्युत्शास्त्राचा राहत नाही. कुणाला ऐकावयाचे आणि कुणाला नाही, याचा तो निवाडा असतो, आणि बहुतेक वेळा तो न कळत केला जातो.

कलावंतांनी या साधनाचा उपयोग फार पूर्वीपासून केला आहे. ऑक्टोबर 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या लष्करी शस्त्रागाराच्या अवाढव्य दालनात चित्रकार आणि बेल प्रयोगशाळेतील अभियंते यांनी मिळून काही रात्री प्रयोग केले. त्यांत रॉबर्ट राउशेनबर्गने टेनिसचा सामना लावला. रॅकेटमध्ये मायक्रोफोन आणि छोटे प्रक्षेपकयंत्र बसविलेले होते. चेंडू रॅकेटला लागला, की घंटेसारखा घणघणाट साऱ्या दालनात उठे आणि त्याबरोबर वरचा एक दिवा विझे. एक-एक फटक्याने दालन अंधारत गेले आणि पूर्ण काळोख झाला तेव्हा खेळ संपला. याच राउशेनबर्गची 1968 ची ‘साउंडिंग्ज’ ही कृती जर्मनीत कोलोन येथील लुडविग संग्रहालयात आहे. प्रेक्षक गप्प असेल, तर लांबलचक आरशात त्याला स्वतःचेच रूप दिसते. तो बोलला, की आतले दिवे लागून खुर्च्यांची चित्रे उमटतात. आवाज खर्जातला की वरच्या पट्टीतला, त्याप्रमाणे वेगवेगळी चित्रे उजळतात.

त्यानंतरच्या वर्षी, 1969 मध्ये, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि त्याने तेथे मूग जातीच्या वाद्ययंत्राचा स्टुडिओ उभारून दिला. ते काम ध्वनिनिर्मितीचे होते, संवेदकाचे नव्हे. तरी वस्तूला चिकटवून तिच्या अंगातले आवाज ऐकण्याच्या विद्येत ट्यूडर मुरलेला होता, म्हणून त्याचे नाव येथे घ्यावयास हवे. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी मायक्रोफोनला याहून वेगळे वळण दिले. चुंबक आणि वेटोळे यांच्या जातीचा मायक्रोफोन उलटा जोडला, तर तो ऐकण्याऐवजी बोलू लागतो. ध्वनिक्षेपक आणि तो मुळात एकाच जातीचे. गुप्ता यांच्या 2017-18 मधील एका कृतीत शंभर मायक्रोफोन छतापासून लोंबतात आणि शब्दांपायी तुरुंगात गेलेल्या कवींच्या कविता त्यांच्यातूनच ऐकू येतात. ही कृती 2018 मध्ये कोचीच्या आणि 2019 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात होती.

परंतु आवाज मोजण्याच्या या साध्या हिकमतीला खरे वजन आले ते मेक्सिको शहरात. 2 ऑक्टोबर 1968 रोजी तेथील त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार होऊन पुष्कळजण मारले गेले होते. या घटनेला चाळीस वर्षे झाली तेव्हा, 2008 मध्ये, राफाएल लोझानो-हेमर या कलावंताने त्याच चौकात एक कर्णा ठेवला. कुणीही यावे आणि हवे ते बोलावे. आडकाठी नाही, निवड नाही. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या चढ-उतारानुसार एक प्रचंड शोधदीप आकाशात लखलखे आणि जवळच्या उंच इमारतीवरून तो प्रकाश आणखी शोधदीपांनी शहरभर पसरे. प्रकाशात शब्द वाचता येत नव्हते. कुणीतरी बोलत आहे एवढेच दुरून दिसे. ज्यांना शब्द हवे होते त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावरून ते प्रक्षेपित होत होते. कुणी बोलत नसेल तेव्हा त्या घटनेशी निगडित जुन्या ध्वनिमुद्रणांवर दिवे हलत. मोजणारा कान आणि शब्द ऐकविणारा कान तेथे जोडीने काम करीत होते.

येथे एक शंका कुणाही सुबुद्ध माणसाला येईल. भिंतीत कान लपविलेला आहे असे कळले, तर लोक मोकळेपणाने बोलतील का? शंका रास्त आहे. परंतु प्रत्येक मायक्रोफोन ध्वनिमुद्रण करतोच असे नाही. वर सांगितलेल्या साध्या पाटीची काम करण्याची स्मृती दोन हजार अठ्ठेचाळीस अक्षरांएवढी. टेलिफोनच्या दर्जाचे बोलणे साठवावयाचे म्हटले, तर तिच्यात जेमतेम पाव सेकंद मावतो. सेकंदाला वीस उंच्या एवढेच ती जाणते आणि त्या वीस आकड्यांवरून शब्द परत उभा करणे कुणालाही शक्य नाही. याउलट याच लोझानो-हेमरने 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बोगद्यात जी कृती मांडली, तिच्यात लोकांचे आवाज साठवून तीनशे दिव्यांच्या प्रकाशात खेळविले होते. नवा आवाज आला, की जुना पुढे ढकलला जाई आणि अखेर बोगद्याबाहेर पडून नाहीसा होई. तेथे बोलणाऱ्याला हे ठाऊक होते. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून आतला कान कोणत्या जातीचा आहे ते दाराशीच लिहून ठेवणे सभ्यपणाचे होईल.

आता पुन्हा नर्मदेकाठी यावयास हरकत नाही. कड्यांच्या बाजूला फारसे अवघड काही नाही; पावसाळ्यात नौकानयन बंद असते, तेव्हा वस्तू उचलून ठेवावी म्हणजे झाले. अडचण धुवाँधारची. पाण्याचा आवाज अखंड असतो. तेव्हा पहिला विचार असा सुचतो, की यंत्राने त्याची सवय करून घ्यावी. काठावर राहणाऱ्या माणसाला धबधबा काही दिवसांनी ऐकू येईनासा होतो, तसेच. याची रीत अशी, की यंत्राने दोन सरासऱ्या काढाव्यात: एक गेल्या काही मिनिटांची आणि एक आताच्या क्षणाची. पहिलीपेक्षा दुसरी वर गेली, तरच कुणी बोलले असे समजावे. या रीतीने पावसाळा-उन्हाळ्याचा फरक आपोआप सांभाळला जातो. मात्र पहिली सरासरी फार घाईची ठेवली, तर एखादा गवई लांबलचक षड्ज लावून उभा राहिला असता यंत्राला त्याचीही सवय होते आणि ते त्यालाच धबधबा समजून बसते. गवयाच्या दमसासापेक्षा यंत्राचा धीर पुष्कळ मोठा हवा.

पण एवढ्याने भागत नाही. हिशोबासाठी धबधब्याचा आवाज कठड्याशी 80 डेसिबल आहे असे धरावे. एक मीटरवरून बोलणाऱ्याचे 60 डेसिबल त्यात मिसळले, तर एकूण आघात सुमारे अर्ध्या टक्क्याने वाढतो. धबधबा स्वतःच क्षणाक्षणाला याहून जास्त हेलकावतो. तेव्हा कितीही काळजीपूर्वक वजाबाकी केली, तरी मुळात जे हाती आलेच नाही ते शिल्लक राहणार कसे? अंतर मात्र कामी येते. अंतर निम्मे केले, की आवाज 6 डेसिबलने चढतो. एक मीटरवरून पाच सेंटीमीटरवर आले, तर 26 ने. साधे बोलणे 86 वर जाते आणि धबधब्याच्या वर डोके काढते. म्हणजे माणसाला ओठ मायक्रोफोनशी आणावयास सांगितले पाहिजे. शीळ वाजविणाऱ्याला आणखी एक सवलत मिळते. पाण्याचा गोंगाट खर्जापासून टिपेपर्यंत सर्व पट्ट्यांत पसरलेला असतो, तर शीळ एकाच अरुंद पट्टीत एकवटलेली. तेवढीच पट्टी ऐकणारी चाळण लावली, की ती दुरूनही वेगळी काढता येते.

दोन मायक्रोफोन लावून दिशा ओळखण्याची युक्तीही आहे. दोघांत एक मीटर अंतर असेल, तर आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास फार तर एका सेकंदाचा तीनशेवा भाग घेतो आणि यंत्राला तो मोजता येतो. वीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर, तर जबलपूरच्या मे महिन्यातील चाळीस अंशांना सुमारे 355. एवढा फरक दिवा उजव्या बाजूचा लावावा की डाव्या, हे ठरविण्यास आड येत नाही.

एवढे करूनही कुजबुजणारा बाहेरच राहतो. त्याचे 30 डेसिबल ओठ टेकवूनही 56 च्या पुढे जात नाहीत. त्याच्यासाठी हवेचा नाद सोडून दगडाकडे वळावे लागते. पितळेच्या चकतीवर बसविलेला चिनीमातीसारखा एक थर दाबला, की वीज देतो. 1880 मध्ये फ्रान्सच्या क्यूरी बंधूंनी स्फटिकांत शोधलेला हाच गुण. गाणाऱ्या शुभेच्छापत्रात जी पातळ चकती वाजते, तीच उलटी वापरली, की ती चिकटविलेल्या वस्तूच्या अंगातील कंप ऐकते. हवेतील गोंगाट तिला जवळजवळ पोहोचत नाही. सभेत ध्वनिक्षेपकाची शिट्टी वाजते ती तोच आवाज फिरून मायक्रोफोनमध्ये शिरल्यामुळे. या चकतीबाबत ते भयही फार कमी. मात्र जोराचा ठोका बसला तर तिच्यातून क्षणभर दहा-वीस व्होल्टही उसळतात आणि पाटी जळू शकते, म्हणून तिच्या दोन टोकांत दहा लाख ओहमचा रोध आणि दाबाला आळा घालणारा डायोड जोडणे अगत्याचे असते.

भेडाघाटच्या दुकानांत दगडाच्या कोरीव वस्तू मांडलेल्या असतात. तशाच दगडाची एक लादी घेऊन तिच्या पाठीला ही चकती चिकटवावी आणि लादीखाली जाड रबराचे तुकडे ठेवावेत, म्हणजे पाण्याच्या आघाताने थरथरणाऱ्या खडकाचा कंप वर चढणार नाही. समोर कोसळणाऱ्या पाण्याकडे लक्ष न देता ही लादी नखाच्या टिचकीला उत्तर देईल. ज्याला बोलता येत नाही त्याच्याही. पण रबर कितीही चांगले असले, तरी खडकाचा थोडा कंप वर येणारच, आणि तो रोज सारखा नसतो. वर बरगी धरणाचे दरवाजे उघडले, की नदी बदलते. मोठ्या पुरात तर धबधबाच पाण्याखाली दिसेनासा होतो. म्हणून उंबरठ्याची खुंटी पेटीत बंद करून तिच्यावर कुलूप घालू नये. ती बाहेरच्या बाजूला, तेथील रखवालदाराच्या हाताला लागेल अशी असावी. सकाळी पहिला प्रवासी येण्यापूर्वी त्याने लादीवर एकदा हलकेच नख वाजवून पाहावे आणि दिवा लागेपर्यंत खुंटी फिरवावी.